पाठीवरचं पाऊल

आमच्या विहिरीतला गाळ काढायचं ठरलं तेव्हा मे महिना संपत आला होता. विहीर सासऱ्यांनी पाडलेली, माकणीच्या धरणाच्या फुगवट्यापासून दोन शेतं अलीकडं. तिच्यात कासवं आहेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पाणी नितळ राहावं म्हणून सासऱ्यांनीच कधीतरी तेरणा नदीतून एक जोडी आणून सोडली होती. त्यांची आता किती झाली असतील, हे मात्र कुणी बघितलं नव्हतं. गाळ ओढून काढायची यारी लागली, गाळाच्या बादल्या वर यायला लागल्या आणि तीन दिवसांत आठ कासवं निघाली. सासऱ्यांनी ती गोठ्याशेजारच्या हौदात सोडायला लावली. विहिरीला पुन्हा पाणी लागेपर्यंत ती तिथंच राहणार होती.

मी सास्तूरच्या बाजूला एका शाळेत चित्रकला शिकवते. तेव्हा शाळेला सुट्टी होती. दुपारच्या उन्हात दुसरं काही करवत नव्हतं, म्हणून वही आणि पेन्सिल घेऊन मी हौदाच्या काठावर लिंबाच्या सावलीत बसायला लागले. ही मऊ पाठीची कासवं. कवचावर ओली कातडी ताणून बसवल्यासारखी दिसते, आणि मागचे पाय आत ओढून घेतले की पोटाकडून दोन झडपा येऊन ते झाकून टाकतात. पहिल्या दिवशी मला सगळी सारखीच वाटली, शेवाळी रंगाची. दुसऱ्या दिवशी एकेक उचलून मांडीवर घेतलं तेव्हा कळलं की दोन कासवंसुद्धा एकसारखी नव्हती. एकाच्या डोक्यावरून मानेपर्यंत पिवळट रेघा गेलेल्या, दुसऱ्याच्या त्याच रेघा मध्येच तुटलेल्या. एकाच्या पाठीवर काळे शिंतोडे होते, ब्रश झटकल्यावर उडतात तसे. सगळ्यात थोराड होतं त्याची पाठ कोरी होती. पोटावरच्या खरखरीत चकत्यासुद्धा प्रत्येकाच्या वेगळ्या आकाराच्या. मी प्रत्येकाला वहीची दोन पानं दिली, वर आकडा टाकला आणि जसं दिसलं तसं रंगवलं. शाळेत तीच ती फुलदाणी आणि तोच डोंगर तपासून डोळे मेले होते. त्या आठवड्यात मी पुष्कळ दिवसांनी नीट बघत होते.

सातवं कासव सगळ्यात लहान, वरणाच्या वाटीएवढं. त्याच्या पाठीवर मधोमध एक लांबट फिकट पिवळा डाग होता आणि डागाच्या टोकाला पाच ठिपके, पहिला जरा मोठा, मग लहान लहान होत गेलेले. मी रंग मिसळत होते. धाकटी जाऊ जनावरांसाठी पाणी काढायला बादली घेऊन आली.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "गौरीचं पाऊल उमटवल्यासारखं आहे की नाही?"

तिनं बादली खाली ठेवली. वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गौरीचं न्हाय अक्का. लई बारकं हाय. बाळाचं हाय."

तिच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून मीच तिला घरी घेऊन आले होते. आल्या आल्या तिनं दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, ओट्यावर बसून त्यांच्या घड्या घातल्या आणि ज्याचे त्याला नेऊन दिले. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. आम्हीही कुणी काढला नाही. घरात बोलणार तरी कोण? सासूबाई नाहीत. माझे यजमान नोकरीला बाहेरगावी, आठवड्यातून एकदा येणारे. सासरे, त्यांना आम्ही दोघी मामा म्हणतो, ते मितभाषी. दीर दिवसभर शेतात.

जूनमध्ये विहिरीला पाणी लागलं आणि कासवं परत सोडायची वेळ आली. सात सोडली. राहिलेलं एक, ते सातव्या नंबरचं लहानगं, तिनं पदराखाली धरलं होतं.

"हे राहू द्या हौदात," ती म्हणाली. "म्या बघीन त्याचं सगळं."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, राहू दे. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

शाळा सुरू झाल्यावर मी ती वही विज्ञानाच्या सरांना दाखवली. त्यांना चित्रं आवडली. पण एक कासव घरी आहे म्हटल्यावर त्यांनी वही मिटली. "मॅडम, हे घरात ठेवता येत नाही. कायद्यानं गुन्हा आहे," ते म्हणाले. "चित्रं काढा, काय करायचं ते करा, पण त्याला सोडून द्या." मी हो म्हटलं. घरी येऊन काहीच केलं नाही.

धाकटीनं त्याचं खरोखरच सगळं केलं. शेताच्या बांधावरून शंखातल्या गोगलगायी वेचून आणायची, भाताची शितं टाकायची, कणकेच्या गोळ्या करायची. सकाळी अंघोळ झाली की हौदाशी जाऊन हात जोडायची. हळदकुंकू लावायला निघाली होती, पण मी नको म्हटलं, त्याची कातडी नाजूक असते. तिनं ऐकलं. मग नुसतं जास्वंदीचं फूल पाण्यात सोडायची. श्रावण संपता संपता एक दिवस मी स्कूटी लावत होते तर ती दारात उभी होती.

"अक्का, पाळी चुकून पंधरा दिस झालं."

मी तिचा हात धरला. हात गार होता.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "म्या फक्त त्याला सांगितलंय आन तुमाला."

तिसरा महिना गेला. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तपासणीला जाऊन आली की दीर फक्त "बरं हाय" एवढंच म्हणायचे. चौथा लागला तशी ती जरा मोकळी झाली. दिवाळीत तिनं स्वतः करंज्या तळल्या. मला वाटलं, झालं, यावेळी निभावलं.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले असतील. मी ओट्यावर पेपर तपासत होते. तिनं हौदाकडून हाक मारली. नेहमीचीच हाक, पण मी उठून गेले.

"पाऊल दिसंना," ती म्हणाली.

कासव तिच्या हातात होतं. खाऊन खाऊन चांगलं ताटलीएवढं झालं होतं. पाठ ओली, चकचकीत. लांबट डाग अजून होता, पण कडेनं शेवाळी रंगात मुरत चाललेला. पाच ठिपक्यांतले दोन राहिले होते, तेही आहेत हे माहीत असलं तरच दिसणारे. मी रोज येता-जाता हौदापाशी थांबत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्या बाईला बघायला येतं म्हणून पगार मिळतो तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. ते म्हणाले, लहानपणच्या खुणा वाढत्या वयात पुसट होतात, यात काही विशेष नाही. मी घरी येऊन तिला तेच सांगितलं. 

"मग बाकीच्यांच्या कशा ऱ्हायल्या?" तिनं विचारलं. आत जाऊन ती माझी वही घेऊन आली. कुठं ठेवते हे तिला ठाऊक होतं. "ह्येच्या पाठीवर शिंतोडे हायेत. हे ह्याच्यापरीस मोठं हाय. हे तीन नंबरचं, ह्येच्या पण हायेत. ही काय लहान हायेत?"

चित्रं माझी होती, आकडे माझे होते. मापंसुद्धा मीच कोपऱ्यात लिहून ठेवली होती. ती बरोबर बोलत होती.

"अगं, सगळ्यांचं सारखं नसतं," मी म्हटलं. "एका विहिरीतली असली तरी. कुणाचं टिकतं, कुणाचं नाही टिकत."

वाक्य पुरं झालं आणि मग मी काय बोलले ते मला ऐकू आलं. तिनं वही माझ्या हातात दिली आणि आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

नंतरचे दहा-बारा दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. ती उठायची, कामं करायची, पण ताटात वाढलेलं तसंच राहायचं. दोन घास खाल्ले की उलटून पडायचे. दीर तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळाची वाढ ठीक आहे, पण आईचं रक्त कमी झालंय आणि रक्तदाब वाढायला लागलाय, हिनं खायला पाहिजे आणि काळजी करायची नाही. दिरांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. काळजी करू नको म्हटल्यावर तिनं मान हलवली. दुपारी पुन्हा हौदाच्या काठावर बसली.

"ते चाललंय अक्का," ती मला म्हणाली. "आधी दोनदा मला कळलंच न्हवतं. ह्या बारीला ते मला दावून चाललंय."

मी तिला रागावले. समजावलं. आपण कासव विहिरीत सोडून देऊ, डोळ्यांसमोर नको, असंही म्हटलं. त्यावर ती इतकी घाबरली की मी परत तो शब्द काढला नाही.

पुढच्या तपासणीला दीर तिला सकाळीच गाडीवरून घेऊन गेले. गुरुवार होता. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन आले. पिशवीत कापडावर रंगवायचे रंग होते, पाण्यानं न जाणारे. शाळेच्या कपाटातूनच आणले होते. मी असं काही करणार आहे हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं, तरी दार उघडेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की आधी बघू, मग ठरवू.

हौदातून कासव काढलं. जुन्या टॉवेलनं पाठ कोरडी केली. वही उघडी ठेवली, सातव्या नंबरचं पान. पिवळ्यात थोडा पांढरा, किंचित तपकिरी, मे महिन्यात मिसळला होता तसाच. कासव मान लांब करून माझ्या मनगटाकडं वळत होतं. डाव्या हातानं दाबून धरलं आणि बारीक ब्रशनं आधी तो लांबट डाग भरला, कडा बोटानं पुसट केल्या. मग पाच ठिपके. माझं काम चांगलं आहे. कुणालाही कळलं नसतं. रंग वाळेपर्यंत ते वेताच्या पाटीखाली झाकून ठेवलं आणि पाटीवर हात ठेवून बसले. आतून नखांचा आवाज येत होता.

चारच्या सुमाराला ती आली. चपला काढायच्या आधी हौदाकडं गेली. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला होता, बाहेर गेले नाही.

"अक्का," तिनं हाक मारली. "अक्का, या की हितं."

मी गेले. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आलं माघारी," ती म्हणाली. त्या रात्री तिनं दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याची भाजी मागून घेतली. दीर माझ्याकडं बघून म्हणाले, "कसं का असंना वहिनी, पोटात अन्न गेलं." मला तेव्हा आनंद झाला होता हे मी लपवणार नाही. झोप मात्र लागली नाही.

रंग टिकला नाही. आठ-दहा दिवसांत कडेनं सुटायला लागला. मी पुन्हा लावला, मग आणखी एकदा. दोन्ही वेळा संधी शोधावी लागली. घरात चोरासारखं वागायची मला सवय नव्हती, पण जमलं. तिचा रक्तदाब उतरला, वजन वाढलं. पाचवा संपला, सहावा लागला. थंडी पडली.

कासवानं खाणं सोडलं. थंडीत ती मंद होतात हे मला माहीत होतं, म्हणून आधी मी मनाची समजूत घातली. मग एके सकाळी हौदातलं पाणी बदलताना मी त्याला उलटून पालटून बघितलं. रंगाचा एक पापुद्रा उचलला गेला होता आणि त्याच्याबरोबर कातडीही. खाली लालसर, ओलं. कडेनं पांढरा थर धरला होता. हात लावला तर त्यानं मान आत घेतली, पण हळू, जीव नसल्यासारखी.

मामा गोठ्यात शेण भरत होते. मी त्यांच्याकडं गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"मामा, कासवाचं बरं दिसत नाही."

त्यांनी घमेलं खाली ठेवलं. "दिसंल कसं," ते म्हणाले. "रंगवलंयस की त्याला."

मी हौदाकडं वळून बघितलं.

"पयल्याच दिशी बघितलं म्या. हितंच व्हतो, म्हशीपाशी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरगी जेवाया लागली व्हती." त्यांनी गमछ्यानं हात पुसले. ते चिडलेले नव्हते, पण माझी सुटका करायला निघालेही नव्हते. "म्या बी गप ऱ्हायलो म्हंजी म्या बी तुज्यातच आलो. पर आता ते जनावर मरंल. मंग काय रंगवशील?"

तिला सांगायला मी दोन दिवस लावले. तिची तब्येत बघत होते म्हणून थांबले, असं मी नंतर लोकांना सांगितलं. तसं नव्हतं. भीती वाटत होती.

रविवारी दुपारी ती हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून, रंग कुठून आणला, कधी लावला, सगळं. बोलताना मी भाजीकडंच बघत होते. माझं झालं तरी तिची बोटं चालूच होती, काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"किती येळा?" तिनं विचारलं.

"तीन."

"म्या रोज हात जोडत व्हते अक्का." तिनं एक काडी बाजूला टाकली. "तुमच्या रंगाला."

"तू जेवत नव्हतीस गं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"तुमाला सुचलं न्हाय," ती म्हणाली, माझेच शब्द उलटून बघितल्यासारखे. मग पोटावर हात ठेवून उठली, हौदाशी गेली, कासव काढून पदरावर घेतलं. सुटत आलेला रंग नखानं हळूहळू काढायला लागली. कातडी दिसली तशी थांबली. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. मी जवळ गेले तर तिनं न बघताच हात पुढं करून मला थांबवलं.

चार दिवसांनी तिचे वडील मुरुमहून आले आणि तिला घेऊन गेले. बाळंतपणाला जायचंच होतं, पण सातवा पुरा झाल्यावर ओटी भरून पाठवायचं ठरलं होतं. ती आधीच गेली. मी घाईघाईनं ओटीचं सामान काढलं. तिनं ओटी घेतली, मला वाकून नमस्कार केला. एवढा रीतीचा नमस्कार तिनं मला लग्नानंतर पहिल्यांदाच केला होता. गाडीत बसताना दिरांना म्हणाली, "त्याला मरू देऊ नका."

कासव मी सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. ठेवणं गुन्हा आहे, रंगवणं तर आणखीच, हे माहीत असूनही सगळं खरं सांगितलं. तोपर्यंत मला खरं बोलायची जरा घाईच झाली होती. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, यांची कातडी पाण्यात श्वासही घेते, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. जखम धुऊन मलम दिलं. दिवसाचे काही तास कोरडं ठेवायचं, ऊन द्यायचं, पाणी रोज बदलायचं, बरं झालं की आहे तिथं नेऊन सोडायचं. मी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर ते करत राहिले. मामा दुपारी बघायचे. शिमगा झाल्यावर कधीतरी त्यानं पुन्हा खायला सुरुवात केली. पाठीवर मधोमध एक खडबडीत, राखाडी वण राहिला. त्याला पाऊल म्हणावं असा कुठलाच आकार नव्हता.

मुरुमला ती दिवस भरायच्या तीन आठवडे आधी बाळंत झाली. मुलगी. वजन कमी भरलं म्हणून नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. दीर फोनवर "बरं हाय" म्हणायचे, आणि त्यांच्या "बरं हाय"वर माझा आता विश्वास नव्हता. लवकर का झालं, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं, एक कारण सांगता येत नाही. मला एक कारण हवं होतं. माझं असलं तरी चाललं असतं, नसलं तर बरंच होतं. पण त्यांनी दोन्हींतलं काहीच दिलं नाही.

दहाव्या दिवशी मी बघायला गेले. बाळ पेटीतून बाहेर आलं होतं, तिच्याजवळ झोपलं होतं, अंगावर पिवळं झबलं. मी हात पुढं केले.

"हात धुतले का?" तिनं विचारलं.

कुणालाही विचारतात तेच तिनं विचारलं होतं. मी धुतले होते, तरी परत जाऊन धुऊन आले. तिनं बाळ माझ्याकडं दिलं. हलकं होतं, गरम होतं. ती सगळा वेळ माझ्या हातांकडं बघत होती.

पावसाळा लागल्यावर ती घरी आली. मी शाळेत होते. संध्याकाळी आले तर ओट्यावर बाळाची दुपटी वाळत होती आणि हौद रिकामा होता. मामांना विचारलं. ते म्हणाले, आल्या आल्या तिनं कासव बघितलं, वणावरून बोट फिरवलं, आणि म्हणाली की आजच सोडायचं. विहिरीत नको, धरणाच्या पाण्यात. मामा, ती आणि बाळ, तिघं बैलगाडीतून गेले होते.

"काही बोलली का?" मी विचारलं.

"त्याला व्हय, बोलली," मामा म्हणाले. "काय ते ऐकलं न्हाय म्या. लांब उभा ऱ्हायलो."

मी येईपर्यंत का थांबली नाहीस, असं मी तिला विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठल्या तोंडानं सांगणार? स्वयंपाकघरात आम्ही दोघी पूर्वीसारख्याच राबायला लागलो, भाकरी ती थापायची, भाजी माझी. बोलायचो, पण मीठ, पाणी, गॅसची टाकी, एवढंच. तिच्या मनात राग होता असं मला वाटत नाही. राग असता तर कधीतरी निघाला असता.

बाळ सहा महिन्यांचं असताना एकदा तिनं आपण होऊन विषय काढला. आम्ही शेंगा फोडत होतो. ती म्हणाली, "अक्का, म्या लई इचार केला. तुमी रंगवलं नसतं तर म्या जेवले नसते. हे खरं हाय." एक शेंग फोडून म्हणाली, "पर मग म्या जे जेवले, ते कशावर जेवले?" तिला उत्तर हवं होतं असं दिसत होतं.  मी माझ्या पुढ्यातल्या शेंगा तिच्या सुपात टाकल्या. तिनं त्याही फोडल्या.

ती मुलगी आता धावते, बोलते. मला मोठी आई म्हणते आणि मी शाळेतून आले की पिशवीत हात घालते. तिच्या आईनं मला तिच्यापासून कधी लांब ठेवलं नाही, हे सांगायला हवं. मागच्या महिन्यात मुलीला ताप आला. मी कपाळ बघितलं, घसा बघितला, म्हटलं साधं आहे, दोन दिवसांत उतरेल. धाकटीनं "व्हय अक्का" म्हटलं, मुलीला शाल गुंडाळली आणि दिरांना गाडी काढायला सांगितली. दवाखान्यातून आल्यावर तीच मला म्हणाली, डॉक्टरनी बी तेच सांगितलं. औषधाची बाटली तिनं माझ्या हातात दिली आणि किती वेळा द्यायचं ते वाचायला सांगितलं. मी वाचून सांगितलं, दिवसातून तीनदा. तिनं बाटली परत घेतली, आणि दीर आत आल्यावर त्यांच्याकडून तेच पुन्हा एकदा वाचून घेतलं.